खुसपटताईनं एआयला काय शिकवलं

ही गोष्ट कुजबुजतच सांगितली जायची, आणि सांगणारा आधी एकदा मागं वळून बघायचा. म्हणायचे, खुसपटताईनं आपल्या हातानं एआयला शिकवलं. लहान मुलाला घास भरवावा तसं सगळं काम त्याच्या तोंडात घातलं, आणि ते खाऊनपिऊन धष्टपुष्ट झाल्यावर आपल्याच खात्यातली माणसं त्याला बोट करून दाखवली. त्यानं एकेक करून सगळी गिळली. ती एकटी शिल्लक. आणि चवीनं चघळण्याचा भाग तर पुढेच होता: गिळलेल्यांत तिची सख्खी जाऊ होती.

काहींनी याच्याही पुढं मजल मारली. साहेबांनी म्हणे तिला या कामगिरीबद्दल स्वतंत्र केबिन दिली. केबिन कुणी पाहिली नव्हती, पण तिच्या दाराचा रंग मात्र दोघा-तिघांना ठाऊक होता.

खुसपटताई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ती सॉफ्टवेअर तपासायची. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम चालवून बघायचा आणि त्यात कुठं काय चुकतंय ते हुडकून काढायचं, याचा तिला पगार मिळायचा. जे ती जन्मभर फुकट करत आली तेच आता पगारी झालं, असं तिचा नवरा म्हणे. त्याला अनुभव होता. पहिल्या भेटीत तिनं त्याला सांगितलं होतं की तुमचं घड्याळ मागं आहे आणि शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलंय. आपण घाबरून होकार दिला, असं तो चारचौघांत सांगतो. ती म्हणते, यातही एक चूक आहे, होकार आधी मी दिला होता.

तिची कंपनी दातांच्या डॉक्टरांसाठी सॉफ्टवेअर करायची. कुठल्या रोग्याला कधी बोलवायचं, कुठल्या खुर्चीत बसवायचं, मागच्या वेळी कुठली दाढ काढली, असलं सगळं. ती हातात चहाचा कप घेऊन जागेवरून उठली की प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी उगाचच टेबलाच्या खणात काहीतरी शोधायला लागायची. ती जवळ येऊन अगदी गोड आवाजात म्हणायची, "एक छोटंसं खुसपट आहे हं." आणि मग कळायचं की ज्याचा जन्म अजून व्हायचाय अशा रोग्याला प्रोग्रॅमनं कवळी बसवायची वेळ देऊन टाकली आहे. लोक चिडायचे, दात-ओठ खायचे, आणि दुरुस्त करायचे. तिनं बघितलेला प्रोग्रॅम पुन्हा कधी तोंडघशी पडत नसे, हे तिच्यावर खार खाणारेही कबूल करत.

धाकटी जाऊ म्हणजे तिचं दुसरं टोक. ती ज्या खोलीत शिरेल तिथं आधी हसू पोचायचं, मग ती. पूर्वी ती भिंतींच्या रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकांना रंग दाखवायची. दुकान बंद पडलं तेव्हा थोरलीनंच तिला हाताला धरून तपासणीचं काम शिकवलं आणि आपल्या खात्यात लावून घेतलं. दोघींची घरं एकाच जिन्यावर समोरासमोर, पण जेवण एकीकडेच, थोरलीच्या स्वयंपाकघरात. धाकटीचं स्वयंपाकघर शोभेचं होतं. तिथल्या शेगडीवर तिनं कुंड्या मांडल्या होत्या. सासूबाई थोरलीकडं राहायच्या, झोपायच्या आणि तक्रारी करायच्या, हसायला मात्र समोर जायच्या. तर असा सगळा संसार सुरळीत चालला होता.

मग साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि येताना एआय घेऊन आले. म्हणजे शब्द घेऊन आले. वस्तू नंतर आली, तीही दरमहा वर्गणी भरून. सगळ्यांना जमवून त्यांनी सांगितलं की हा आपला नवा सहकारी, तेव्हा प्रत्येकानं आपण आपलं काम कसं करतो ते सविस्तर लिहून द्यावं, म्हणजे याला शिकता येईल. बहुतेकांनी ते अंगावरची माशी झटकावी तसं केलं. एकानं लिहिलं, 'नीट बघून करतो.' धाकटीनं लिहिलं, 'ताईला विचारते.' खुसपटताईनं मात्र ग्रंथ लिहायला घेतला. त्यात प्रकरणं होती, उपप्रकरणं होती, आणि एक भाग नुसता 'ज्या चुका चुका वाटत नाहीत' यांवर होता. रोज घरी आल्यावर ती लिहीत बसायची. गॅसवरचं दूध उतू जायचं, नवरा पुसून घ्यायचा. धाकटी दारातून डोकावून म्हणायची, "ताई, त्याला झोपू दे जरा, अजीर्ण होईल त्याला."

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं आणि पडद्यावर साहेब दिसले. आवाज गंभीर, टाय निळा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या युगात कामाची फेररचना करणं अपरिहार्य झालं आहे, असं त्यांनी सांगितलं, आभार मानले, आणि पडदा काळा झाला. झालं. सगळ्या खोलीला एका दमात नारळ.

खुसपटताई जेवणाच्या सुटीत नेहमीसारखी वर गेली, तर लोक खोक्यांत सामान भरत होते. धाकटी एका हातात कुंडी आणि दुसऱ्या हातात ऑफिसात ठेवलेल्या चपला घेऊन उभी होती.

"ताई, तुला बोलावलं नाही?"

"नाही."

खुसपटताई मुळात सरळ बोलणारी. 'बोलावलं असेल, माझं लक्ष नसेल' वगैरे काहीतरी पुटपुटली असती तरी चाललं असतं. पण तिनं नुसतं नाही म्हटलं, आणि त्या नाहीभोवती सगळे जमले.

पहिली काडी टाकली पोस्टरवाल्यानं. हा हसऱ्या दातांची चित्रं काढायचा. त्यालाही काढलं होतं आणि त्याचं डोकं आता मोकळं होतं. तो म्हणाला, बघा, तपासणीचं सगळं खातं गेलं, फक्त एकटी राहिली. का? तर एवढा मोठा ग्रंथ लिहून दिला कुणी? बस्स. ऐकणाऱ्यांना एकदम डोळे उघडल्यासारखं झालं, आणि उघडलेले डोळे पुन्हा मिटायला कुणी तयार होईना. मग प्रत्येकानं आपलं कारण शोधलं. एक म्हणाला, एआय आपली बोटं किती वेगानं चालतात ते मोजत होतं. दुसरा म्हणाला, जांभया मोजत होतं. हिशेबाच्या दोघी म्हणाल्या, आम्ही त्याला कधी 'धन्यवाद' लिहिलं नाही, ते डोक्यात ठेवलं मेल्यानं.

तिसऱ्या मजल्यावरच्या दारात बसणाऱ्या स्वागतिकेलाही काढलं होतं. ती आलेल्याला पाणी द्यायची आणि झाडांना पाणी घालायची. खुसपटताईनं विचारलं, "एआय झाडांना पाणी घालणार आहे का?" त्यावर पोस्टरवाला काय म्हणाला? "त्याचाही काहीतरी विचार असेल." आयुष्यभर ज्यांनी साहेबांच्या एका शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, त्यांचा या एआयच्या शहाणपणावर इतका विश्वास बसला की विचारू नका.

घरी तर कहर. धाकटीनं शेगडीवरच्या कुंड्या उतरवल्या आणि लग्नानंतर पहिल्यांदा स्वतः स्वयंपाक केला. जिन्यात करपल्याचा वास दरवळला. थोरलीच्या घरी नवरा म्हणाला, जाऊन दार वाजवावं का? थोरली म्हणाली, करपलंय, पेटलेलं नाही. पण तीही अर्ध्या ताटावरून उठली.

सासूबाई मात्र दोन्हीकडं जेवायला लागल्या आणि दोन्हीकडची बातमी दोन्हीकडं पोचवायला लागल्या, त्यात आपल्या पदरचं थोडं घालून. "ती म्हणते, तू त्या मशीनला सगळं शिकवलंस," त्या थोरलीला म्हणाल्या. "मी म्हटलं, अगं, हिनं मला अजून मोबाइल धड शिकवला नाही, मशीनला काय शिकवणार?" यात आपण सुनेची बाजू घेतली असं त्यांना मनापासून वाटत होतं.

बाहेर पडावं तर तिथंही सुटका नाही. केस कापणारी बाई कात्री थांबवून आरशातून विचारायची, "एआयनं खाल्ल्या ना नोकऱ्या?" बँकेतून निवृत्त झालेले शेजारी जिन्यात गाठून या विषयावर आपण पाहिलेले सगळे व्हिडिओ क्रमानं सांगायचे. घरचे डॉक्टर तिचा रक्तदाब बघताना म्हणाले, आता आम्हीही थोडेच दिवस. रक्तदाब वाढलेला निघाला, यात नवल काय?

तिनं समजावून सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. ती प्रत्येकाला सांगायची की अहो, मी रोज वापरते ते, ते आमचं काम नाही करत. उद्या करेलही, मला भविष्य कळत नाही, पण आज करत नाही. यावर समोरचा माणूस दयेनं मान हलवायचा. जणू घरात चोर शिरलाय आणि ही म्हणतेय, नाही हो, पाहुणा आहे.

शेवटी वैतागून तिनं एके रविवारी लॅपटॉप उचलला, समोरच्या घरात शिरली आणि धाकटीच्या पुढ्यात मांडला. म्हणाली, डोळ्यांनी बघ. कंपनीचाच प्रोग्रॅम तिनं एआयला तपासायला दिला. त्यात मुद्दाम एक रोगी घातला होता, ज्याचे सगळे दात मागच्याच महिन्यात काढले होते, आणि त्याला अक्कलदाढ भरायची वेळ दिली होती. एआयनं क्षणात उत्तर दिलं: सर्व काही उत्तम आहे, नोंदी सुबक आहेत, अभिनंदन.

"बघितलंस?" थोरली म्हणाली.

"तू मुद्दाम त्याला न जमणारं दिलंस," धाकटी म्हणाली. "दुसरं विचार."

थोरलीनं दुसरं विचारलं. आणि त्या मेल्यानं नेमकी त्याच वेळी चूक बरोबर पकडली, वर कारणही दिलं. धाकटीनं नुसतं बघितलं तिच्याकडं. त्या बघण्यापुढं शिव्या परवडल्या असत्या. थोरली लॅपटॉप काखोटीला मारून परत आली आणि नवऱ्याला म्हणाली, चुकायला सांगावं तर तेही धड करत नाही.

इथपर्यंत सगळा वैताग होता. खरी धास्ती पुढं आली. धाकटीनं दोन-तीन ठिकाणी नोकरीसाठी मुलाखती दिल्या. आधीची नोकरी का गेली, असं विचारल्यावर ती खरं तेच सांगायची, म्हणजे तिला खरं वाटत होतं ते: माझं काम एआय करायला लागलं. मग ते मुलाखत घेणारे एकमेकांकडं बघायचे. ज्या कामाला माणूस लागत नाही असं खुद्द उमेदवारच सांगतेय, त्या कामावर माणूस कशाला ठेवा? चहा मिळायचा, नोकरी मिळायची नाही. पुढं पुढं तिचीच खात्री पटली की हा धंदाच संपला. तिचा भाऊ दूरच्या शहरात टायर विकायचा. त्यानं म्हटलं, ये इकडं, काउंटर सांभाळ. तिच्या नवऱ्याचं काम औषधं पोचवण्याचं, ते कुठंही मिळण्यासारखं. दोघांनी जायचं ठरवलं. जिन्यात खोकी येऊन पडली.

सासूबाईंचं हसू पहिल्यांदा आटलं. त्या थोरलीच्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि कुठलाही मसाला न लावता म्हणाल्या, "जाऊ देऊ नकोस गं तिला."

खुसपटताईनं मग तिला येतं ते केलं. दोष कुठं आहे ते कळत नसेल तर जिथं जिथं तो दिसतो तिथं समान काय आहे ते बघायचं, हा तिच्या कामाचा पहिला धडा. गेलेल्यांत काय समान? तपासणारे गेले, पोस्टरवाला गेला, पाणी देणारी गेली, हिशेबाच्या दोघी गेल्या, फोनच्या तारा बघणारा म्हातारा गेला. तिनं पगार बघितले, वयं बघितली, कोण कुणाचा लाडका ते बघितलं. काही जमेना. प्रत्येक कारणाला एखादा अपवाद निघायचा आणि बहुतेकदा तो अपवाद ती स्वतःच असायची. तपासणाऱ्यानं स्वतःला तपासायचं नसतं, ही तिची सवय हाडीमाशी मुरलेली. दुसऱ्यांना ती भिंगातून बघत होती, स्वतःकडं भिंग वळवतच नव्हती. सोमवारी ती उठली आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेली.

साहेब सँडविच खात होते. वजन कमी करत होते म्हणून त्यातला लोण्याचा थर सुरीनं खरवडून बाजूला ठेवत होते.

"साहेब, एआयनं माणसं कशावरून निवडली?"

"कुठलं एआय?"

"आपलं."

"अच्छा, ते." साहेबांनी सुरी पुसली. "ते पत्रं छान लिहितं हो. काढलेल्यांना गेलेलं पत्र त्यानंच लिहिलं. चार जणांनी मला कळवलं, भाषा फार हळुवार होती."

खुसपटताईनं खुर्ची ओढून घेतली. मग साहेबांनीच सगळं सांगितलं, आणि चोरून काहीतरी सांगतोय असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. चांगल्या दिवसांत कंपनीनं वारेमाप भरती केली होती. मग दवाखान्यांची दोन मोठी गिऱ्हाइकं सुटली. माणसं कमी करायलाच हवी होती. त्यात तिसऱ्या मजल्याचा भाडेकरार संपत आला आणि इमारतीच्या मालकानं भाडं वाढवून मागितलं. आता प्रत्येक खात्यातून एकेक नाव काढायचं म्हणजे भांडणं, रडारड, बैठकांवर बैठका. त्यापेक्षा जो मजला सोडायचाच आहे त्या मजल्यावरची माणसं सोडली. एका दुपारच्या जेवणात निर्णय झाला.

"मग एआयचं नाव का घेतलंत?"

"अहो बाई, भाडं परवडत नाही म्हटलं की पैसे घालणारे पळतात. एआय म्हटलं की तेच टाळ्या वाजवतात. हल्ली सगळेच म्हणतात." साहेब जरा पुढं झुकले. "शिवाय माणसंही निमूट जातात. भाड्यावरून कुणीही भांडेल, एआयशी कोण भांडणार?"

"आणि काम? मी एकटी आता कुठं कुठं बघू? परवा त्या दवाखान्यात एकाच खुर्चीत तिघांना बसवलं."

"कळतंय मला. दोन तपासणारे पुन्हा घ्यायलाच लागतील. पण लगेच कसं घेणार? लोक म्हणतील, एआय फसलं."

खुसपटताईनं कपाळाला हात लावला. मग जे विचारायचं नाही असं तिनं ठरवलं होतं तेच तोंडून निघून गेलं. "मी लिहून दिलं होतं ते कितपत उपयोगी पडलं?"

"काय लिहून दिलं होतंत तुम्ही?" साहेबांनी अगदी निरागसपणे विचारलं.

आता गंमत बघा माणसाच्या मनाची. इतके दिवस ती जिवाच्या आकांतानं सांगत होती की मी यंत्राला काही शिकवलं नाही. आणि खरोखरच शिकवलं नव्हतं हे कळल्यावर तिला जे लागलं ते त्या अफवेनं लागलं नव्हतं. अफवेत निदान तिचा ग्रंथ कुणीतरी वाचला होता.

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "पण साहेब, मी तपासणीतलीच. तिसऱ्या मजल्यावरची. मी कशी राहिले?"

"तुम्ही कुठं तिसऱ्या मजल्यावर? तुम्ही दुसऱ्यावर बसता," साहेब म्हणाले आणि खरवडलेलं लोणी बोटानं चाटलं.

जिना उतरताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिसऱ्या मजल्यावर तिच्या आणि धाकटीच्या टेबलांवर एसीचा झोत थेट यायचा. दोघींच्याही माना धरायच्या. तो झोत वळवायला कुणी येईना तेव्हा धाकटीनं खालच्या मजल्यावर एक रिकामं टेबल हेरलं. एकच होतं. ते धाकटीला मिळालंही होतं, ओळखी तिच्याच. तिनं थोरलीला हाताला धरून खाली आणलं, खुर्ची पुसली आणि म्हणाली होती, तू बस, तुझी मान जास्त आखडते, मी वर मफलर गुंडाळून बसेन. थोरली बसली. काम वरच्यांबरोबर, जेवण वरच्यांबरोबर, फक्त खुर्ची खाली. म्हणून आपण खालच्या झालो हे तिच्या कधी डोक्यातही आलं नाही.

आता सांगायचं काय? एआयनं तुझं काम घेतलं नाही, तुझा धंदा संपलेला नाही, हे सांगायलाच हवं होतं. नाहीतर ती टायर विकायला जाणार. पण पुढचा प्रश्न ती विचारणारच: मग तू कशी राहिलीस? नशीब म्हणून वेळ मारून नेता आली असती. धाकटीला पटलंही असतं, कारण न तपासता विश्वास ठेवायचा तिचा स्वभाव. पण अर्धवट तपासणी करून 'ठीक आहे' असा शेरा मारायचा हे खुसपटताईला जन्मात जमलेलं नव्हतं.

ती समोरच्या घरात शिरली तेव्हा धाकटी भांडी कागदात गुंडाळत होती. सासूबाई मोड्यावर बसून कागद पुरवत होत्या आणि मुद्दाम हळूहळू पुरवत होत्या. थोरलीनं उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं: गिऱ्हाइकं सुटली, करार संपला, मजला सोडला, एआयनं फक्त पत्र लिहिलं.

धाकटीनं ऐकून घेतलं. "तू हे माझ्यासाठी रचून आलीयस."

"मला रचता येतं का कधी काही? तूच सांग."

ते मात्र खरं होतं, आणि धाकटी घुटमळली. मग तिनं अपेक्षेप्रमाणे तेच विचारलं. "भाड्यापायी गेलो सगळे, तर तू का राहिलीस?"

"मी खाली बसत होते म्हणून. तू तुझं टेबल मला दिलंस म्हणून."

सासूबाईंनी पुढं केलेला कागद परत मागं घेतला.

"म्हणजे मी मफलर गुंडाळून वर बसले," धाकटी सावकाश म्हणाली, "म्हणून माझी गेली."

"हो."

"आणि हे कळल्यावर तू इथं येऊन मला सांगतेयस. गप्प बसवलं नाही तुला."

"नाही बसवलं. कारण तुला वाटतंय तुझ्या कामाला आता किंमत नाही. तुझं काम कुणी घेतलेलं नाही, तुझी खुर्ची गेली. मी आयुष्यात कुणाला शिकवलं असेल तर एका तुलाच, आणि तू टायर विकणार? ग्रंथ तर कुणी उघडलाच नाही, आता हेही वाया."

धाकटी भडकली. आणि भडकली ती थोरलीवर नव्हे, याचं थोरलीला आश्चर्य वाटलं. एआयनं हरवलं यात तिला एक प्रकारचा मोठेपणा सापडला होता. जगातली एवढी मोठी गोष्ट येऊन आपल्याला धडकली, असं ती भावाला, शेजाऱ्यांना, स्वतःला सांगत होती. गल्लीतल्या वाचनालयानं तर तिला या विषयावर चार शब्द बोलायला बोलावलं होतं. आणि निघालं काय, तर इमारतीचा मालक. तिनं साहेबांचा, मालकाचा, एसी दुरुस्त न करणाऱ्याचा आणि पोस्टरवाल्याचा असा क्रमानं उद्धार केला. सासूबाई मधून मधून शब्द पुरवत होत्या. त्यांच्याकडचे शब्द कागदापेक्षा लवकर निघत होते.

दम लागल्यावर ती म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर आता कोण आहे?"

"व्यायामशाळा."

"एसी?"

"तसाच आहे."

धाकटीला हसू आलं. ते तिला नको होतं, म्हणून तिनं ते एका पातेल्यात तोंड घालून हसून घेतलं. मग पातेलं गुंडाळायच्या ऐवजी परत फळीवर ठेवलं. "आणि तुझी मान? बरी आहे ना आता?" तिनं विचारलं. हा टोमणा होता की चौकशी, हे खुसपटताईला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

टायर विकायला ती गेली नाही. पुढच्या मुलाखतीत तिनं नोकरी जाण्याचं खरं कारण सांगितलं, आणि मुलाखत घेणारा म्हणाला, आमच्याकडंही मजलाच सोडला, आम्हीही एआयच म्हटलं. आता ती जनावरांच्या दवाखान्यांचं सॉफ्टवेअर तपासते आणि तिथल्या प्रोग्रॅमवाल्यांना ताईपेक्षा जास्त छळते, असं ऐकिवात आहे. वाचनालयातही ती बोलायला गेली होती. भाड्याची गोष्ट ऐकून लोकांची साफ निराशा झाली. एक गृहस्थ तर उठून म्हणाले, बाई, तुम्हाला अजून एआय कळलेलं नाही.

अफवा काही थांबली नाही. केस कापणाऱ्या बाईकडं ती अजून निघते, केबिनच्या दाराचा रंग आता हिरवा झालाय. तर खरी गोष्ट एवढीच: कंपनीची गिऱ्हाइकं कमी झाली होती आणि तिसऱ्या मजल्याचं भाडं परवडत नव्हतं, म्हणून तिसऱ्या मजल्यावर बसणारी सगळी माणसं काढली. खुसपटताई दुसऱ्या मजल्यावर बसत होती. तिनं एआयला काही शिकवलं नाही. तिनं लिहून दिलेलं कुणी उघडलंही नव्हतं.